निकाल लागला, मग मतपत्रिका आली! (परदेशातली टपाली मतं का उशिरा पोचतात?)

रावपुऱ्याची_ताई | ९ जुलै २०२४, रात्री ९:४०

मंडळी, ब्रिटनचं मतदान ४ जुलैला झालं. ५ तारखेला जुने पंतप्रधान गेले, नवे आले. आणि माझी टपाली मतपत्रिका काल, म्हणजे ८ तारखेला, पोस्टमनभाईंनी हातात ठेवली. वर हसून म्हणाले, "बेन, फॉरेनचं आहे, सही नको."

थोडी पार्श्वभूमी. वीस वर्षांहून जास्त काळ लंडनला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली, तिथलीच नागरिक झाले. सासू-सासऱ्यांचं वय झालं म्हणून आम्ही दोघं बडोद्याला परतलो. ब्रिटनचा नियम असा होता की देश सोडून १५ वर्षं झाली की मताचा हक्क संपला. माझा तसा संपलाही होता. २०२२ च्या कायद्याने ही अट काढली आणि १६ जानेवारी २०२४ पासून ते अंमलात आलं. मी लगेच नाव नोंदवलं, टपाली मताचा अर्जही सोबतच केला. नोंदणी झाल्याचा ईमेल आला. सगळं वेळेत, कागदोपत्री चोख.

आणि शेवटी ही तऱ्हा. लिफाफ्यात सगळं आहे: मतपत्रिका, तिचं छोटं पाकीट, सही-जन्मतारखेचं निवेदन, मोठं पाकीट आणि "मतदानाच्या दिवशी रात्री १० पर्यंत पोचलं पाहिजे" अशी ठळक सूचना. ती वाचून हसू की रडू कळेना.

आपल्या बडोद्यात परदेशाशी संबंध असलेलं माणूस दर दुसऱ्या घरात आहे. कुणाला असाच अनुभव? कुठल्याही देशाचा चालेल.

---

दांडियाबाजार९० | ९ जुलै, रात्री १०:१५

ताई, राग मानू नका. राहता रावपुऱ्यात, पाणी पिता आजव्याचं, सेव-उसळ खाता इथली. मग लंडनचा खासदार कोण व्हावा हे तुम्ही का ठरवायचं? १५ वर्षांची अट मला तरी शहाणपणाची वाटते.

---

रावपुऱ्याची_ताई | ९ जुलै, रात्री १०:५२

राग कसला, हा प्रश्न माझ्या घरातही निघतो. उत्तर एका शब्दात: पेन्शन.

तिथे जन्मभर राष्ट्रीय विम्याचे हप्ते भरले, त्याचं सरकारी पेन्शन मला मिळतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं पेन्शन दर एप्रिलला वाढतं, यंदा ८.५ टक्के वाढलं. भारतात राहणाऱ्याचं मात्र वाढत नाही. ज्या आकड्यावर सुरू झालं त्याच आकड्यावर गोठतं, मरेपर्यंत. अमेरिकेत किंवा युरोपात राहायला गेले असते तर वाढलं असतं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, भारत इथल्यांना नाही. हा नियम दिल्लीत किंवा गांधीनगरात होत नाही, वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या संसदेत होतो. मग मी मत कुठे द्यायचं? इथे तर मी ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाची परदेशी नागरिक, मला मत नाहीच.

---

दांडियाबाजार९० | ९ जुलै, रात्री ११:०५

हे माहीत नव्हतं. बरं, हा मुद्दा मान्य. १५ वर्षांच्या अटीबद्दल मात्र मत बदललेलं नाही. पेन्शन नसलेले पण पासपोर्टवाले हजारो आहेत.

---

निवृत्त_सॉर्टर | १० जुलै, सकाळी ७:३०

आर.एम.एस. मध्ये, म्हणजे टपालाच्या रेल्वे मेल सेवेत, आयुष्य गेलं, म्हणून विचारतो. ताई, लिफाफ्यावर तारखेचा शिक्का आहे का? की नुसताच छापील चौकोन, पैसे भरल्याचा?

---

रावपुऱ्याची_ताई | १० जुलै, सकाळी ८:१०

छापील चौकोन. तारीख कुठेच नाही. बारकोडही नाही.

---

निवृत्त_सॉर्टर | १० जुलै, सकाळी ८:४५

वाटलंच. मग उशीर कुणाकडे झाला हे तुम्हाला कधीच सिद्ध करता येणार नाही. ठोक टपालाचे पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे प्रत्येक लिफाफ्यावर तारीख मारत नाहीत. बारकोड नाही म्हणजे साधं पत्र, म्हणजे वाटेत त्याची कुठेही नोंद नाही. तिकडून कधी निघालं, विमानतळावर किती पडून राहिलं, मुंबईत कस्टम्सपुढे थैली कधी उघडली, इकडच्या मेलमध्ये कधी चढलं, सगळा अंधार. तिकडचे म्हणणार आम्ही वेळेत पाठवलं. इकडचे म्हणणार आल्या दिवशी वाटलं. दोघंही कदाचित खरं बोलत असतील.

एक गोष्ट मात्र सांगतो. साधं परदेशी पत्र आठवड्यात आलं तर नशीब, तीन आठवड्यांत आलं तर त्यात कुणाचीच चूक धरत नाहीत. हे टपालातल्या कोणालाही विचारा. जो कुणी निवडणुकीचं वेळापत्रक आखतो त्याने हे विचारलेलं नसतं.

आणि सगळ्यांना: परदेशी फॉर्मवर पत्ता भरताना पिन कोड टाका. तिकडचे फॉर्म पोस्टकोडसाठी वेगळी चौकट ठेवतात आणि तिच्यात आपले सहा आकडे कधी कधी बसत नाहीत. मग लोक ती रिकामी सोडतात. तसं करू नका, शहराच्या नावापुढेच ३९०००१ लिहा. शहराचं नाव बरोडा, बडोदा, वडोदरा काहीही असो, पिन असला की पत्र योग्य थैलीत पडतं.

---

अलकापुरीचा_अनिकेत | १० जुलै, दुपारी २:२०

मी लंडनमधल्या हॅरोला राहतो, पासपोर्ट अजून भारतीयच. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून मला ब्रिटनच्या निवडणुकीत मत आहे, आणि ४ तारखेला चालत जाऊन दिलं. पाच मिनिटांचं काम.

पण ताई, टपालाचा घोळ फक्त परदेशात गेलेल्यांचा नव्हता. इथल्या इथेही अनेकांना मतपत्रिका मिळाल्या नाहीत. स्कॉटलंडमध्ये जूनअखेरीला शाळांना सुट्टी लागते, लोक बाहेरगावी जातात, म्हणून टपाली मत मागणारे जास्त होते. एडिंबराच्या पालिकेने तर खास खिडकी उघडली होती: या, ओळख पटवा, दुसरी मतपत्रिका घ्या, इथेच भरून द्या. एडिंबरात असाल तर छानच. बडोद्याहून कोण जाणार?

आणि इथून जवळच हेंडन मतदारसंघ आहे. तिथे किती मतांनी निकाल लागला माहीत आहे? १५. पंधरा! तिथल्या मतदारांतले किती जण ताईंसारखे रिकाम्या पत्रपेटीकडे बघत बसले असतील कोण जाणे.

---

रावपुऱ्याची_ताई | १० जुलै, संध्याकाळी ६:३५

अनिकेत, माझ्या मतदारसंघात फरक भरपूर होता, माझ्या मताने काही हललं नसतं. पण हेंडनचं वाचून पोटात ढवळलं खरं.

सॉर्टरकाकांनी वेळापत्रकाचा विषय काढला म्हणून आज तारखा मांडून बघितल्या. पंतप्रधानांनी पावसात उभं राहून २२ मे ला निवडणूक जाहीर केली. उमेदवारी अर्जांची मुदत ७ जूनला दुपारी ४ ला संपली. तोवर मतपत्रिका छापताच येत नाही, कारण उमेदवारच नक्की नाहीत. मग छपाई, पाकिटं भरणं, टपालात टाकणं. १५ जूनला निघाली असं धरा, आणि ते मी उदारपणे धरतेय. ४ जुलैच्या रात्री १० पर्यंत ती जायला-यायला मिळून तीन आठवडेसुद्धा नाहीत. आणि काकांच्या हिशेबाने फक्त यायलाच तीन आठवडे लागू शकतात!

म्हणजे यात कुणी आळस केला असं म्हणायचीही गरज नाही. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं तरी माझं मत पोचणार नाही अशीच रचना आहे. हक्क दिला जानेवारीत, तारखा मात्र जुन्याच, चालत जाऊन मत देणाऱ्यासाठी बेतलेल्या.

आता यातला सर्वांत चीड आणणारा भाग. प्रॉक्सी म्हणजे माझ्या वतीने तिथल्या कुणीतरी मत देणं, ही सोय आहे. तिच्या अर्जाची मुदत २६ जून होती. मला वाटलं, मतपत्रिका आली नाही तर प्रॉक्सीकडे वळू. पण ज्याने आधी टपाली मत मागितलंय त्याला ते रद्द करून प्रॉक्सी मागायची मुदत १९ जून! १९ जूनला मला कसं कळणार की मतपत्रिका येणार नाही? तेव्हा ती कुठेतरी विमानात असेल अशी आशाच असते. तातडीची प्रॉक्सी मतदानाच्या दिवसापर्यंत मिळते, पण आजारपण वगैरे कारणांसाठी. "टपाल आलं नाही" हे त्यात बसत नाही.

---

मस्कतकर | १० जुलै, रात्री ११:३०

तुमची चर्चा वाचून मला हेवा वाटतोय. उशिरा का होईना, लिफाफा तरी आला!

मी ओमानमध्ये, भारतीय पासपोर्ट, घर कारेलीबागेत. २०१० च्या दुरुस्तीने आम्हाला मतदारयादीत नाव घालायचा हक्क दिला, कलम २०-अ. फॉर्म ६ए भरा, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. झकास. मग मत कसं द्यायचं? मूळ पासपोर्ट घेऊन जातीने त्या केंद्रावर हजर व्हायचं! टपाल नाही, ईमेल नाही, प्रॉक्सी नाही. ७ मे ला गुजरातचं मतदान, भर उन्हाळ्याच्या सुट्टीत, तिकिटांचे दर सांगायला नकोत. मी गेलो नाही.

म्हणजे बघा: अनिकेत भारतीय पासपोर्टवर हॅरोचा खासदार निवडू शकतो, बडोद्याचा निवडायला त्याला विमान पकडावं लागेल. कुणाला यात गंमत दिसते का?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेने एनआरआयना प्रॉक्सी देणारं विधेयक मंजूर केलं होतं. राज्यसभेत ते झालंच नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर मेलं. २०२० च्या शेवटी निवडणूक आयोगाने कायदा मंत्रालयाला लिहिलं की सैनिकांसारखी इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका एनआरआयनाही देऊ. त्याचंही पुढे काही नाही.

---

सुभेदार_मांजलपूर | ११ जुलै, सकाळी ६:०५

सैनिकांचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी निवृत्त आहे, धाकटा सध्या नोकरीत, पोस्टिंग लांब.

आमच्या वेळी मतपत्रिका कागदी, टपालाने यायची आणि युनिट तोवर हललेलं असायचं. मतदान करायला मिळालं असं फार कमी वेळा झालं. आता २०१६ च्या नियमबदलापासून मतपत्रिका नेटवरून येते. पिन टाकून उघडायची, छापायची, खूण करायची, घोषणापत्रावर अधिकाऱ्याची साक्ष घ्यायची, दोन पाकिटांत घालून स्पीड पोस्टने पाठवायची. जाणारा प्रवास सेकंदात. येणारा प्रवास अजून टपालानेच. पण निम्मा वेळ वाचला हे नक्की.

मतमोजणीच्या दिवशी सकाळी ८ वाजेपर्यंत पोचलेलंच मत धरतात. आता एक गोष्ट बघा, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. यंदा गुजरातमध्ये अर्ज मागे घ्यायची मुदत २२ एप्रिलला संपली आणि मोजणी ४ जूनला. म्हणजे बडोद्याच्या जवानाला सहा आठवडे मिळाले. सातव्या टप्प्यातल्या वाराणसीच्या जवानाला? माघारीची मुदत १७ मे, मोजणी त्याच ४ जूनला. अडीच आठवडे. एकच बटालियन, एकाच बराकीतले दोघं, पण एकाच्या मताला दुप्पट वेळ, कारण त्याचं गाव आधीच्या टप्प्यात होतं. धाकट्याचं मत पोचलं असावं असं मी धरून चालतो.

(सुरतच्या जवानांना तर तोही प्रश्न पडला नाही, तिथे बिनविरोधच झालं.)

---

चिमणाबाई_बागेतली | ११ जुलै, सकाळी ९:२०

हे सगळं वाचून एकच विचारते, बँकेचे लाखो रुपये फोनवरून जातात, मग मत का नाही जात?

---

अलकापुरीचा_अनिकेत | ११ जुलै, दुपारी १:१५

सॉफ्टवेअरवाला आहे म्हणून उत्तर देतो. बँकेच्या व्यवहारात तुमचं नाव आणि रक्कम दोन्ही नोंदलेली असतात, चूक झाली तर मागे जाऊन दुरुस्त करता येते. मतात नाव आणि खूण एकमेकांपासून कायमची तोडायची असतात, आणि तरीही मोजणी बरोबर आहे हे हरणाऱ्याला पटलं पाहिजे. त्या दोन अटी एकत्र आल्या की काम अवघड होतं. एस्टोनिया २००५ पासून नेटवर मतदान घेतो, फ्रान्स परदेशस्थ नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत ती सोय देतो. बाकीचे देश घाबरून आहेत, आणि माझ्या मते त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण *कोरी* मतपत्रिका ईमेलने पाठवायला काय हरकत आहे? तीत गुप्त काहीच नसतं. सुभेदारकाकांच्या मुलाला जमतं ते ताईंना का नाही?

---

ऑकलंडची_वैदेही | ११ जुलै, दुपारी ४:००

न्यूझीलंडमध्ये नेमकं तेच आहे. परदेशातला मतदार मतपत्रिका नेटवरून उतरवून घेतो, भरून स्कॅन करून परत चढवतो. आणि खास मतं, म्हणजे परदेशातून किंवा आपल्या मतदारसंघाबाहेरून दिलेली, पोचायला मतदानानंतर दहा दिवसांची मुभा असते. त्यामुळे निवडणुकीच्या रात्रीचा निकाल आम्ही अर्धाच मानतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये नॅशनल पक्षाला रात्री ५० जागा दिसत होत्या, खास मतं धरल्यावर ४८ झाल्या, आणि दोन पक्षांत होणारं सरकार तीन पक्षांचं झालं. कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

ऑस्ट्रेलियातही टपाली मताला मतदानानंतर १३ दिवस थांबतात. वर त्यांच्या वकिलातींत जाऊन प्रत्यक्षही मत देता येतं.

---

दांडियाबाजार९० | ११ जुलै, संध्याकाळी ७:४५

दहा-तेरा दिवस आपल्याकडे थांबले तर? आमदार कुठल्या रिसॉर्टवर किती दिवस राहतील याचा खर्च कोण करणार?

---

संपादक | ११ जुलै, रात्री ८:३०

देशी पक्ष आणि रिसॉर्ट यांवरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. टपाली मतांवर बोला. शांति राखो.

---

स्टुटगार्टवाला_पोळकर | १९ मार्च २०२५, रात्री १२:१०

धागा वर काढतोय, कारण माझाही नंबर लागला.

गेल्या वर्षी जर्मन नागरिकत्व घेतलं. पहिलीच निवडणूक, २३ फेब्रुवारी. नेमकं तेव्हाच बहिणीचं लग्न, म्हणून मी बडोद्यात. टपाली मतपत्रिका वाडीतल्या पत्त्यावर मागवली. आली नाही. लग्नाच्या गडबडीत आई दर दुपारी विचारायची, "आलं का रे तुझं ते जर्मन पाकीट?" मी स्टुटगार्टला परतल्यावर तिचा फोन आला, की आलं.

कारण तेच, रावपुऱ्याच्या ताईंचं. नोव्हेंबरमध्ये सरकार कोसळलं, २७ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांनी संसद विसर्जित केली, आणि घटना सांगते की ६० दिवसांत निवडणूक घ्या. एवढ्यात पक्षांच्या याद्या, त्यांची छाननी, हरकती. मतपत्रिका छापून निघेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. मत परत पोचायची वेळ मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ६, एक मिनिटही पुढे नाही. दोन लाखांहून जास्त परदेशस्थ जर्मनांनी नाव नोंदवलं होतं आणि तक्रारींचा पाऊस पडला. काही वकिलाती आपल्या टपालपिशवीतून भरलेली मतं नेत होत्या, पण आधी मतपत्रिका तर हातात पाहिजे ना.

आणि एक पक्ष, बी.एस.डब्ल्यू., ५ टक्क्यांच्या उंबरठ्याला सुमारे साडेनऊ हजार मतांनी अडकला. ४.९८ टक्के. संसदेबाहेर. ते तावातावाने परदेशस्थांच्या मतांचं नाव घेतायत. मी त्यांना मत दिलं नसतं, तरी प्रश्न बिनबुडाचा म्हणता येत नाही. ते आत आले असते तर आज ज्या दोन पक्षांचं सरकार जुळतंय त्यांना बहुमत उरलं नसतं.

---

मस्कतकर | १९ मार्च २०२५, सकाळी १०:००

पोळकर, अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही.

दरम्यान आपल्या लोकसभेचे आकडे आयोगाने दिलेत. परदेशस्थ मतदार नोंदलेले १,१९,३७४. मत दिलेले २,९५८. त्यातले २,६७० केरळचे! ती मंडळी आखातातून गटागटाने विमानं भरून जातात, हे मी डोळ्यांनी बघतो. केरळ सोडून उरलेल्या सगळ्या देशातून तीनशेसुद्धा नाहीत. जगभर पसरलेले गुजराती आणि आपण मराठी, सगळे मिळून कुठे आहोत ते बघा.

---

दांडियाबाजार९० | १९ मार्च २०२५, दुपारी १२:३०

यावरून मी म्हणेन की लोकांना हौसच नाही. नोंदणीच सव्वा लाखाच्या आत आहे, परदेशात पासपोर्टवाले कोटीच्या घरात.

---

मस्कतकर | १९ मार्च २०२५, दुपारी १२:५५

बस जिथे थांबतच नाही त्या थांब्यावर कुणी उभं नाही म्हणून बस नको, असं झालं हे.

---

निवृत्त_सॉर्टर | १९ मार्च २०२५, संध्याकाळी ५:२०

पोळकरांच्या आईंना सांगा, ते पाकीट टाकू नका. मागच्या बाजूला कुठे तारखेचा शिक्का मिळतो का बघा. आपल्याकडच्या वाटप कचेरीचा असतो कधी कधी. तो मिळाला तर निदान "इथे पोचल्यावर लगेच वाटलं की नाही" एवढं तरी कळेल. तक्रार करायची तर फोटो लावून करा, नुसतं "उशीर झाला" लिहिलं की छापील उत्तर येतं.

---

जर्सीवाले_काका | २१ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:१५

दिवाळीला बडोद्यात आहे, आणि तिकडे न्यू जर्सीत नोव्हेंबरात मतदान आहे. अमेरिकेचा अनुभव लिहितो.

आमच्याकडे १९८६ चा कायदा आहे परदेशातल्या मतदारांसाठी, आणि २००९ च्या दुरुस्तीने एक चांगली गोष्ट केली: केंद्रीय निवडणुकीची मतपत्रिका मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी पाठवलीच पाहिजे, मागितली तर ईमेलने. तीही आली नाही तर एक कोरी, नाव हाताने लिहायची राखीव मतपत्रिका असते, ती भरून पाठवता येते. हा ४५ दिवसांचा आकडा हवेतून आलेला नाही, टपाल किती वेळ खातं याचा अंदाज घेऊन ठरवलाय. ब्रिटन-जर्मनीला जमत नाही कारण त्यांच्याकडे सरकार कधीही पडतं, आमची तारीख शंभर वर्षं आधी सांगता येते.

उशिरा आलेल्या मतांचं महत्त्व आम्हाला २००० मध्ये कळलं. फ्लोरिडात बुश ३०० मतांनी पुढे होते. मतदानानंतर आलेली परदेशातली मतं मोजली, आघाडी ९३० झाली. शेवटी ५३७ वर निकाल आणि अख्खं अध्यक्षपद.

पण यंदा भलतंच झालं. सीमाशुल्काच्या नव्या नियमांमुळे ऑगस्टअखेरीला भारतातून अमेरिकेला जाणारं टपाल बंद झालं, साध्या कागदपत्रांसकट. आत्ता १५ ऑक्टोबरला सुरू झालं. मधल्या काळात ज्यांना मत पाठवायचं होतं त्यांनी काय केलं असेल? मी धोका न घेता खाजगी कुरियरने पाठवलं. बिल बघून बायको म्हणाली, एवढ्यात सगळ्या गल्लीला लीलो चिवडा वाटला असता.

---

निवृत्त_सॉर्टर | २१ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११:४०

बंद होतं ते खरं. आणि आता रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा देशातल्या देशात मत पाठवणाऱ्यांनी "जुनं रजिस्टर्ड पोस्टच द्या" म्हणून खिडकीवर वाद घालू नका.

जर्सीवाले, मुंबईच्या तुमच्या वकिलातीत भरलेलं मत टाकता येतं ना? असं ऐकलं होतं.

---

जर्सीवाले_काका | २१ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३:३०

येतं, पण पाकिटावर अमेरिकेतलं टपाल भरलेलं असावं लागतं आणि वेळ हाताशी धरून जावं लागतं. दिवाळीत मुंबईला कोण जातो? म्हणून कुरियर.

---

स्टुटगार्टवाला_पोळकर | २१ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ७:००

४५ दिवस ऐकून जीव जळला. सॉर्टरकाका, त्या पाकिटावर शिक्का नव्हता.

ताई, तुम्ही पुढे काय केलंत? पुन्हा टपालच?

---

रावपुऱ्याची_ताई | २२ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:१०

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना. टपाल कायमचं सोडलं. कितीही लवकर अर्ज करा, मतपत्रिका उमेदवार ठरल्याशिवाय निघणार नाही आणि तारीख कधी जाहीर होईल ते पंतप्रधान सोडून कुणाला माहीत नसतं. यात मी हातपाय मारून उपयोग नाही. आता प्रॉक्सी, आणि तोही निवडणुकीची चाहूल लागायच्या आत नोंदवून ठेवायचा.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: प्रॉक्सी म्हणून नेमलेला माणूस स्वतः ब्रिटनमधल्या मतदारयादीत हवा. तो माझ्या जुन्या पत्त्याच्या केंद्रावर जातो, त्याचं स्वतःचं फोटो-ओळखपत्र दाखवतो, माझं नाही. लांब राहत असेल तर प्रॉक्सीचं मत तो तिथल्या तिथे टपालानेही देऊ शकतो. एका माणसाने किती जणांचा प्रॉक्सी व्हायचं यालाही मर्यादा आहे: एकूण चार, आणि त्यात देशातच राहणारे दोनपेक्षा जास्त नकोत. त्यामुळे आमच्या लंडनच्या मंडळातल्या उत्साही काकांनी "सगळ्यांचा मीच" म्हटलं तरी चालत नाही.

मी भाच्याला नेमलंय. अडचण एवढीच की त्याचा पक्ष माझ्या बरोबर उलट आहे.

---

दांडियाबाजार९० | २२ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:२५

मग तो तुमचं मत कुणाला दिलं हे तुम्हाला कळणार कसं?

---

रावपुऱ्याची_ताई | २२ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:४०

कळणार नाही. गुप्त मतदान आहे ना. पण त्याच्या आईला सांगून ठेवलंय.